नत्थुजी लाईनमन आणि सुनेच्या लॅपटॉपचं बटन

नत्थुजींचा शर्ट धुवायला टाकण्याआधी खिसा तपासावा लागतो, हे वच्छलाबाईंना लग्नाच्या तिसऱ्या महिन्यातच कळलं होतं. बाकीच्या नवऱ्यांच्या खिशात तंबाखूची पुडी सापडते, एखाद्याच्या खिशात नको ती चिठ्ठीही सापडते. आमच्याच गल्लीत कोणाच्या खिशात सापडली होती ते मला ठाऊक आहे, पण तो माणूस अजून सकाळी माझ्यासोबत चहा पितो, म्हणून राहू द्या. नत्थुजींच्या खिशात सापडायचा तो चिनीमातीचा पांढरा फ्यूज, चांगला मुठीएवढा.

कारण ऐका. नत्थुजी चौतीस वर्षं लाईनमन होते. मूर्तिजापूरच्या आजूबाजूच्या बावीस खेड्यांच्या तारा त्यांच्या ताब्यात. खांबावर चढायचं असलं की लाईनमन आधी डीपीवरचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या डब्यातला, फ्यूज काढतो. काढलेला फ्यूज तिथंच ठेवून जमत नाही, कारण खाली एखादा शहाणा असतोच. घरचा पंखा बंद पडला म्हणून तो येतो, फ्यूज लावून देतो, आणि वर लटकलेल्या माणसाचा पापड होतो. म्हणून फ्यूज खिशात घालायचा, वर चढायचं, काम करायचं आणि उतरल्यावर आपल्याच हातानं तो परत लावायचा. ज्यानं बंद केलं, त्यानंच चालू करायचं. नत्थुजींना सतराचा पाढा कधी आला नाही, पण हा नियम त्यांना झोपेतून उठवून विचारा.

आता नियम चांगला, पण माणूस विसरभोळा. एका अधिक महिन्यात त्यांना तेल्हाऱ्याला, सासुरवाडीला, धोंड्याच्या जेवणाचं बोलावणं आलं. सकाळी एका खेड्यातल्या खांबावरचं काम उरकलं, एसटी दिसली, चढले. फ्यूज खिशात. इकडे खेड्यातली पिठाची चक्की दीड दिवस बंद. चक्कीवाला विचारत विचारत तेल्हाऱ्याला पोचला तेव्हा जावईबापू पाटावर बसले होते, पुढ्यात तेहतीस अनारसे. सासरे म्हणाले, त्याला फ्यूज देऊन टाका आणि जेवा. नत्थुजींनी ताटाला नमस्कार केला, हात धुतले आणि म्हणाले, "तसं नसते मामाजी. ज्यानं बंद केलं, त्यानंच चालू कराचं." आणि चक्कीवाल्याच्या मागं एसटीत जाऊन बसले. दोन अनारसे खाल्ले होते, एकतीस राहिले. सासऱ्यांनी पुढे मरेपर्यंत जावयाला नावानं हाक मारली नाही. 'आपले फ्यूज कसे हायेत,' असं लेकीला विचारायचे.

पाच वर्षांपूर्वी नत्थुजी रिटायर झाले. ऑफिसनं शाल दिली, श्रीफळ दिलं, आणि टिनाचा एक जुना बोर्ड त्यांनी आपल्या मनानंच उचलून आणला. लाल अक्षरं: 'सावधान. माणसे काम करीत आहेत. स्वीच लावू नये.' तो बोर्ड मग घरात फिरायला लागला. कधी पाण्याच्या मोटारीवर, कधी मिक्सरवर. हिवाळ्यात कूलरच्या बटनावर काळी चिकटपट्टी. वच्छलाबाई आमच्या घरी येऊन म्हणायच्या, "बाई, आमच्या घरी शेंगदाण्याचा कूट कराचा असन तं पहिले परमिट काढा लागते."

अशा घरात प्रणाली सून म्हणून आली, आणि सोबत तिचा लॅपटॉप आला.

पोरगी हुशार. अमरावतीला इमारतींचे नकाशे काढायचं शिकलेली. नवरा शिवम नांदगाव खंडेश्वरला नोकरीला, महिन्यातून दोनदा येतो. ही इथं बैठकीच्या खोलीत टेबल टाकून लोकांची घरं काढते. साधा नकाशा नाही. पडद्यावर अख्खं घर उभं राहतं, आणि आपण दारातून आत चालत गेल्यासारखं चित्र पुढे सरकत जातं. आमच्या गल्लीतल्या माणिकबाई आपल्या न बांधलेल्या घराच्या जिन्यावरून तीनदा चढून आल्या आणि गुडघे दुखतात म्हणून खुर्चीत बसल्या.

हा लॅपटॉप जुना, कॉलेजातला. त्याच्या कीबोर्डच्या वर डाव्या कोपऱ्यात एक बारकं सरकतं बटन. असं बटन आता कोणत्या कंपनीच्या लॅपटॉपला येत नाही म्हणतात. डावीकडे सरकवलं की हिरवा दिवा, मशीन सावकाश चालते आणि बॅटरी पुरते. उजवीकडे सरकवलं की नारिंगी दिवा लागतो, आतलं मोठं ग्राफिक्स कार्ड जागं होतं, पंखा घुमायला लागतो आणि पडद्यावरचं घर गरागरा फिरतं. मला म्हाताऱ्याला प्रणालीनं एका वाक्यात समजावलं: "काका, डावीकडं सायकल, उजवीकडं ट्रॅक्टर."

आता मे महिना. अकोला जिल्ह्यातला मे म्हणजे काय, ते बाहेरच्या माणसाला सांगून उपयोग नाही. त्यात उत्तमरावांचं काम आलं. उत्तमराव म्हणजे आमच्याकडचे मोठे कास्तकार, शेतीवाले; त्यांना कारंजा रोडवर मंगल कार्यालय बांधायचं होतं. अकोल्याचं एक एसीतलं ऑफिस ते काम मागत होतं, पण उत्तमराव म्हणाले, गावची सून आहे, तिचंही पाहू. रविवारी दुपारी घरी येऊन दाखव. आवडलं तर काम तुझं. प्रणालीसाठी हे पहिलं मोठं काम. ते मिळालं की जिल्ह्यात नाव झालं, नाही मिळालं की पुन्हा माणिकबाईंचा जिना. पोरगी दिवसभर नारिंगी दिव्यावर बसायला लागली.

बुधवारी दुपारी ती जागा मोजायला कारंजा रोडवर गेली. लॅपटॉप टेबलावर. नत्थुजी पाणी प्यायला उठले आणि जाता जाता त्यांनी त्याला हात लावला. हाताची मागची बाजू लावली, लाईनमन डीपीच्या डब्याला लावतो तशी. चटका बसला. बंद असून एवढा गरम, म्हणजे चालू असताना काय होत असेल. सुनेला त्यांनी आठ दिवसांत दोनदा सांगितलं होतं की हे ओव्हरलोड आहे, आणि ती दोन्ही वेळा हसून म्हणाली होती, मामाजी, ते गरम होतंच असते.

मग नत्थुजींनी जे केलं ते कर्तव्यबुद्धीनं केलं, हे मी त्यांच्या वतीनं सांगतो. बटन डावीकडे होतं, हिरव्याच्या बाजूला. त्यांनी आगपेटीतली एक काडी घेतली, ब्लेडनं उभी चिरली, तासली, आणि बटनाच्या उजवीकडच्या खाचेत अशी बसवली की बटनाला सरकायला जागाच राहू नये. वर निघालेलं टोक कापून सपाट केलं. पांढरं दिसू नये म्हणून काळ्या पेनाचा ठिपका दिला. चौतीस वर्षांच्या हाताचं काम. देवानं वरून पाहिलं असतं तरी त्याला दिसलं नसतं. दोन तास मशीनला विश्रांती देऊ, सून यायच्या आत काढून टाकू, असा बेत करून ते जरा आडवे झाले.

उठले तेव्हा साडेचार वाजले होते आणि बैठकीत प्रणाली म्हणत होती की बटन चालत नाही.

इथंच ते बोलले असते तर मला लिहायला काही उरलं नसतं. पण त्या वेळी माणिकबाई विरजण मागायला आलेल्या, वच्छलाबाई दारात, मी ओसरीवर. प्रणालीनं सहज हसत विचारलं, "मामाजी, तुमी तं नाही ना काही केलं?" आणि माणिकबाई त्याहून जास्त हसल्या. चार माणसांत हसू झालं की नत्थुजींचा फ्यूज उडतो. ते म्हणाले, "बावीस गावाच्या लाइनी सांभाळल्या म्या. तुह्या डब्याले हात लावाले मी का रिकामा बसलो?" आणि रागानं बाहेर येऊन माझ्याशेजारी बसले. बसल्याबरोबर त्यांचा चेहरा असा पडला की मी ओळखलं, या माणसाच्या खिशात काहीतरी आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी शकुंतला या आमच्या बंद पडलेल्या रखडगाडीच्या रिकाम्या फलाटावर मला सगळं कळलं. आम्ही रोज तिथं फिरायला जातो. गाडी येत नाही, त्यामुळे चुकायची भीती नसते. नत्थुजींनी आधी माझ्याकडून शपथ घेतली. मी म्हणालो, घरी जा आणि सुनेला सांगा, एका मिनिटाचं काम आहे. ते म्हणाले, "सांगू कसा? माणिकबाईसमोर बोललो ना मी." त्यांचा बेत वेगळा होता. वच्छलाबाईंच्या डब्यातली सुई त्यांनी कॉलरीच्या आत खोचून ठेवली होती. लॅपटॉप दोन मिनिटं एकट्यानं हाती आला की काडी टोचून काढायची, बटन आपोआप चालू झालं असं होईल, आणि मंडळी देवाचे आभार मानतील.

बेतात एकच खोट होती. बटन बिघडल्यापासून प्रणाली त्या लॅपटॉपला सोडेना. स्वयंपाकाला गेली तरी ओट्यावर, दळण निवडायला बसली तरी मांडीजवळ. तान्ह्या पोराला एवढं कोणी जपत नाही.

आणि माझी अवस्था विचारू नका. एवढी चांगली बातमी पोटात आणि सांगायला बंदी. आयुष्यात मी इतका वेळ गप्प राहिलो नव्हतो. बायकोनं विचारलं, तुम्हाला उन्ह लागलं काय.

त्याच गुरुवारी दुपारी प्रणाली अकोल्याला दुरुस्तीवाल्याकडे निघाली. नत्थुजी म्हणाले मी पण येतो. मला म्हणाले तुमी पण चला. सुनेला नवल वाटलं, कारण सासरे लग्नालाही अकोल्याला जायला कुरकुरतात. पॅसेंजरमध्ये नत्थुजींनी पाच वेळा बॅग धरायला मागितली. "मामाजी, तुमचा खांदा दुखते," असं म्हणून तिनं पाचही वेळा दिली नाही. बोरगावच्या पुढे तिला डुलकी लागली. नत्थुजींनी कॉलरीतून सुई काढली, हळूच चेन ओढायला लागले, आणि पाहतात तर बॅगेचा पट्टा पोरीनं मनगटाला दोन वेढे देऊन बांधलेला. समोरच्या बाकावरच्या बाईनं तिला हलवून जागं केलं आणि सांगितलं की हा म्हातारा तुमच्या बॅगेत हात घालून राहिला आहे. तो माझा सासरा आहे, असं प्रणालीनं सांगितल्यावर बाई म्हणाली, मग तर जास्तच सांभाळा.

अकोल्याचा दुरुस्तीवाला ललित नावाचा तरतरीत माणूस. त्यानं बटन एकदा बोटानं ढकललं, ढकललं गेलं नाही, आणि त्यानंतर त्यानं बटनाकडे पाहिलंच नाही. पडद्यातच शिरला. त्याचं म्हणणं असं की हे बटन म्हणजे नुसता निरोप्या. निरोप ऐकणारा प्रोग्रॅम आत असतो, आणि विंडोजच्या अपडेटनं तो प्रोग्रॅम खाऊन टाकला. त्यानं जुना काढला, नवा टाकला, नवा काढून जुना टाकला. पडदा तीनदा काळा झाला. नत्थुजी मागं उभे राहून मान डोलवत होते. शेवटी हिंमत करून म्हणाले की त्या बटनाच्या खाचेत कचरा असेल, मी जरा साफ करून देऊ काय.

ललित हसून म्हणाला, "काका, बटनात काही नसते. सगळं सॉफ्टवेअरमध्ये असते."

नत्थुजी मला बाजूला घेऊन म्हणाले, "पाहा. शिकलेला माणूस सांगून रायला का बटनात काही नाई." त्यांचा स्वतःच्या काडीवरचा विश्वास डळमळला असावा.

शुक्रवारी अमरावती. तिथं रश्मी नावाची एक बाई अशी कामं करते, भिंगाखाली बोर्ड धरून केसाएवढ्या तारा जोडते. नत्थुजींना तिच्याविषयी फार आशा होती. भिंगाखाली काडी दिसेल, रश्मीबाई चिमट्यानं काढतील, कोणी घातली ते काडी काही सांगणार नाही. पण रश्मीसमोर पंचवीस लॅपटॉप रांगेत. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की बटन बदलावं लागेल, पार्ट बाहेरून मागवावा लागेल, मशीन आठ दिवस ठेवून जा. रविवारला दोन दिवस होते. प्रणालीनं लॅपटॉप परत बॅगेत घातला. बाहेर आल्यावर तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला.

मी म्हटलं, अमरावतीला आलो तर गिला वडा तरी खाऊ. दह्यात बुडवलेला तो वडा गाडीपाशी उभं राहून खाल्ला. प्रणालीच्या हाताला दही लागलं, आणि हात धुवायला जाताना तीन दिवसांत पहिल्यांदा तिनं बॅग सासऱ्याच्या हातात दिली.

मी म्हटलं, नत्थुजी, हीच वेळ. त्यांनी बाकावर लॅपटॉप उघडला, कॉलरीतून सुई काढली आणि मला विचारलं, "बटन कोठी हाय?" चष्मा घरी राहिला होता. मी बोट दाखवलं. माझाही चष्मा वाचायचा नव्हे, लांबचा. सुई टोचली ती कुठं टोचली देव जाणे, लॅपटॉप चालू झाला आणि स्वागताची धून वाजवायला लागला, एवढ्या मोठ्यानं की वडेवाल्यानं झारा थांबवला. प्रणाली ओल्या हातानं धावत आली. मामाजी काय करून रायले, असं तिनं विचारलं. नत्थुजींनी सुई मुठीत धरली आणि म्हणाले, "वारा घालून रायलो."

परतीच्या एसटीत बॅग पुन्हा मनगटाला बांधलेली होती. या वेळी तीन वेढे.

रविवारी दुपारी आम्ही सगळे उत्तमरावांच्या बंगल्यावर. वच्छलाबाईही आल्या होत्या, कारण उत्तमरावांच्या पत्नी आशाबाई त्यांच्या जुन्या ओळखीच्या. आता उत्तमराव बोलतात मोठ्यानं, पण त्या घरात ठरतं आशाबाईंच्या मनासारखं. हे सगळ्या तालुक्याला माहीत आहे, फक्त उत्तमरावांना सांगू नका. आशाबाई खुर्ची पडद्याजवळ ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "नवरी कोठून येते ते दाखव मले."

प्रणालीनं हिरव्या दिव्यावरच सुरुवात केली. दुसरा इलाजच नव्हता. आधी कमान आली, पण अर्धी. मग हळूहळू दुसरा अर्धा. दार आलं आणि अडकलं. दारात आधी शालू आला, त्यात नवरी नव्हती; दोन मिनिटांनी मुंडावळ्या आल्या; नवरी सगळ्यात शेवटी. तिनं एक पाऊल उचललं आणि ते पाऊल तसंच हवेत राहिलं. पंगतीतली टेबलं पायांशिवाय तरंगत होती. शकुंतला चालू होती तेव्हा ती या नवरीच्या पुढे निघून गेली असती.

उत्तमराव म्हणाले, "बोहल्यावर येईपर्यंत वऱ्हाड जेवून घरी जाईन." लोक हसले. मग ते जरा नरमाईनं म्हणाले की अकोल्याच्या ऑफिसनं काल दाखवलं, ते बाकी सुरसुर चाललं होतं. एवढं म्हणून त्यांनी चहा आणायला सांगितला. आमच्याकडे बोलता बोलता चहा मागवला म्हणजे विषय संपला.

प्रणालीनं लॅपटॉप हळूच मिटला. उत्तमरावांना म्हणाली, "चूक माहीच हाय काका. जुन्या मशीनच्या भरवशावर मी एवढं मोठं काम अंगावर घेतलं."

मी नत्थुजींकडे पाहत होतो. तुम्हाला सांगतो, लाईनमन लोकांत शिव्या पुष्कळ चालतात, दारूही थोडी चालते. पण लाईन एकानं बंद करावी आणि बोलणी दुसऱ्यानं खावी, हे चालत नाही. नत्थुजी उठून उभे राहिले. टोपी नीट केली.

"सुनबाई, चूक तुही नाई. लाईन म्या बंद केली होती," ते म्हणाले. "बुधवारी दुपारी. गरम झालता म्हणून बटनात काडी घातली. चालू बी मीच करतो."

प्रणाली सासऱ्याकडे पाहतच राहिली. नत्थुजी खिसे चाचपायला लागले, मग टोपीची घडी, मग धोतराचा सोगा. सुई सापडेना. तेव्हा वच्छलाबाई जागेवरूनच म्हणाल्या, "कॉलरीत पाहा. चार दिवसांपासून शर्ट बदलला का सुई बदलता, अन् मले वाटे बुढा शिवणकाम शिकून रायला."

सुई मिळाली, आणि आशाबाईंचा चष्माही मिळाला. पण काम करायचं ते पद्धतशीर. नत्थुजींनी सुनेला सांगितलं, पहिले मेन बंद. तिनं लॅपटॉप बंद केला. चार्जर काढायला लावला. मग त्यांनी देवघरातला लाकडी पाट मागितला. तो जमिनीवर ठेवला, चपला काढल्या, हात खांद्यावरच्या दुपट्ट्यानं कोरडे पुसले, आणि आगपेटीच्या अर्ध्या काडीसाठी तो माणूस पाटावर असा उभा राहिला जसा काही अकरा हजाराच्या लाइनीवर चढला आहे. उत्तमरावांना म्हणाले, सगळे दोन पावलं मागं व्हा. उत्तमराव, शंभर एकराचा मालक, चहाचा कप घेऊन मागं झाला.

सुई खाचेत गेली. टिक असा बारीक आवाज आला आणि काडी उडून आशाबाईंच्या चहात पडली. नत्थुजींनी ती चमच्यानं काढली, पुसली आणि खिशात घातली. सवय.

मग प्रणालीनं लॅपटॉप चालू केला. बटनाला तिनं हात लावला नाही. सासऱ्याकडे पाहून म्हणाली, "मामाजी, तुमी."

नत्थुजींनी अंगठ्यानं बटन उजवीकडे सरकवलं. नारिंगी दिवा लागला, पंखा घुमला, आणि चार दिवसांची अडकलेली नवरी जी सुटली ती कमानीतून, पंगतीतून, नवरदेवाच्या बाजूनं, भिंतीतून आरपार थेट स्वयंपाकघरात. प्रणाली तिला आवरेपर्यंत ती मागच्या अंगणात पोचली होती. तिथं आशाबाईंनी हात वर केला.

"थांबव. भांडे घासाची जागा कोठी हाय?"

प्रणालीनं दाखवली: मागं, विहिरीजवळ, वर पत्र्याची सावली, बायांना उभं राहून घासता येईल एवढा उंच ओटा. आशाबाई बराच वेळ पाहत होत्या. अकोल्यावाल्यांनी झुंबरं बावीस दाखवली, त्या उत्तमरावांना म्हणाल्या, पण भांडी कुठं घासायची ते कोणी दाखवलं नाही. एवढं म्हणून त्यांनी पुन्हा चहा मागवला. हा चहा वेगळा होता, हे सगळ्यांना कळलं.

उत्तमरावांनी काम देतो म्हणून सांगितलं, पण एक अट घातली. कार्यालय झाल्यावर दर लग्नात नत्थुजी जेवायला यावेत, मात्र जाताना फाटकावर त्यांचा खिसा तपासला जाईल.

घरी येताना प्रणाली बॅग छातीशी धरून फणकाऱ्यानं पुढे निघाली. नत्थुजी चार पावलं मागं चालत होते, आणि मी त्यांच्याही मागं, कारण मला दोघांचे चेहरे पाहायचे होते. शपथ सुटल्यामुळे मी त्या संध्याकाळी सात घरी बसून आलो. माणिकबाईंकडे दोनदा.

सोमवारी सकाळी मी त्यांच्या बैठकीत डोकावलो तर टिनाचा लाल अक्षरांचा बोर्ड मोटारीवरून उतरला होता आणि प्रणालीच्या टेबलाला टेकून उभा होता. माणसे काम करीत आहेत. ती नारिंगी दिव्यावर विटा मोजत होती, नत्थुजी दारातून पाहत होते आणि आत यावं की नाही ते त्यांना ठरवता येत नव्हतं. बारा वाजता तिनं स्वतः बटन डावीकडे सरकवलं. लॅपटॉपला हाताची मागची बाजू लावून पाहिली, अगदी त्यांच्यासारखी.

"बरोबर बोलले तुमी मामाजी. लय गरम होते," ती म्हणाली. "रोज दुपारी बारा ते दोन लाईन बंद. उद्यापासून बंद बी तुमीच कराची. काडी हाय ना खिशात?"

"हाय."

"मग तोच आपला फ्यूज. दोन वाजता तुमीच चालू कराची."

नत्थुजींनी खिशाचं बटन लावलं आणि ऐटीत आडवे झाले. ही व्यवस्था आता चालू आहे, आणि तिच्यात एकच अडचण आहे. दोन वाजता नत्थुजी उठत नाहीत. साडेतीन वाजेपर्यंत घोरतात, आणि प्रणाली कमरेवर हात ठेवून खाटेजवळ उभी असते. परवा मी म्हटलं, अगं, सरकव की बटन, कोण पाहतं. तिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जसं काही मीच तो डीपीखालचा शहाणा.

"नाही काका," ती म्हणाली. "ज्यानं बंद केलं, त्यानंच चालू कराचं." आणि सासऱ्याच्या तोंडावर तिनं अर्धा गिलास पाणी शिंपडलं.